पत्रकारितेच्या पदवीचा जमाखर्च



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सामान्यतः पदवीधर बोलतात आणि बाकीचे ऐकतात. आज उलटे झाले आहे. मी दहावीनंतर १९८७ साली एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. पुढचे शिक्षण गावच्या वाचनालयात, संध्याकाळी सात ते नऊ ह्या वेळात झाले. तेव्हा विद्यापीठाच्या पदवीची किंमत काय, ह्या विषयावर मी बोलावे हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु मालाची किंमत खरी किती हे विकणाऱ्याला विचारू नये, एवढे व्यवहारज्ञान आपणां सर्वांना आहे. मी पदवी विकत नाही आणि विकत घेतलेलीही नाही. तेव्हा तराजू धरायला मी फारसा वाईट माणूस नाही.

विषय मी आपण होऊन शोधलेला नाही. तो दर वर्षी मे-जून महिन्यांत आमच्या युनियनच्या कचेरीत चालत येतो. छापखान्यातला बाइंडर येतो, एस. टी.चा कंडक्टर येतो, अंगणवाडी सेविका येते. मुलगा बारावी झालेला असतो किंवा मुलगी बी. ए. झालेली असते, आणि आता तिला पत्रकारितेच्या, म्हणजे आजकाल ज्याला मास कम्युनिकेशन म्हणतात त्या अभ्यासक्रमाला जायचे असते. मागच्या जूनमध्ये आमचा एक जुना सभासद आला. म्हणाला, "भाऊ, पोरीचं मन आहे. फंडातून पैसे निघतात का बघा." मी विचारले, "फी किती आहे?" त्याने पिशवीतून एक रंगीत पुस्तिका काढली. पुस्तिकेत कॅमेरा होता, स्टुडिओ होता, हसणारी मुले होती. तेथून शिकून बाहेर पडलेल्याला पगार किती मिळतो, हे मात्र कोठेच नव्हते. फी शेवटच्या पानावर, बारीक टाइपात होती.

प्रॉव्हिडंट फंडातून मुलांच्या उच्च शिक्षणासाठी रक्कम काढता येते, हे खरे. पण ती रक्कम म्हणजे त्या माणसाचे म्हातारपण असते. ते आज खर्चून टाकायचे, तर समोरून काय येणार हे पाहिलेच पाहिजे. म्हणून हा प्रश्न पैशाचा आहे आणि मी तो पैशाच्याच भाषेत मांडणार आहे. विद्येचे मोल पैशात करू नये असे म्हणणारे पुष्कळ थोर लोक आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. फक्त त्यांची फी कोणी भरली होती, एवढे मी विचारून घेतो.

पदवीला बाजारात किंमत येते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक तर त्या पदवीवाचून धंद्याचे दार उघडत नाही, किंवा त्या पदवीने असे कसब अंगी येते की मालक त्याचे जास्त पैसे मोजायला तयार होतो. डॉक्टरच्या आणि वकिलाच्या पदवीचे पहिले कारण आहे. कायद्याची पदवी नसलेला माणूस कितीही हुशार असला तरी १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाप्रमाणे त्याला सनद मिळत नाही. दारावर पहारा आहे, म्हणून आत शिरण्याच्या चिठ्ठीला भाव आहे. पत्रकारितेच्या दारावर असा पहारा नाही. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली जो कायदा झाला, त्यातील व्याख्या मी पुष्कळदा वाचली आहे. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा आहे आणि जो त्या कामावर नेमलेला आहे, तो श्रमिक पत्रकार. संपादक आला, अग्रलेख लिहिणारा आला, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार आला, इतकेच काय मुद्रितशोधकही आला. पदवीचा त्यात शब्द नाही.

आणि तो नसावा असेच माझे मत आहे. २०१३ साली प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू ह्यांनी पत्रकारांना किमान शैक्षणिक पात्रता ठरवावी असा विचार मांडून त्यासाठी एक समितीही नेमली होती. हेतू चांगला असेल. पण मी त्या वेळी आमच्या सभासदांना एकच नाव सांगत असे : नारायण मेघाजी लोखंडे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेला हा माणूस १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालवत होता. १८८४ साली त्याने मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आपल्याला रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये, त्याच्या खटपटीने. पात्रतेचा नियम तेव्हा असता तर पत्र कोणाच्या हाती गेले असते ते आपण समजू शकता. आणि मागे जायचे तर बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ ला. म्हणजे आपल्या भाषेतली पत्रकारिता आपल्या विद्यापीठापेक्षा पंचवीस वर्षांनी वडील आहे!

दार सताड उघडे राहिले पाहिजे, हे लोकशाहीच्या दृष्टीने योग्यच. परंतु त्याचा आर्थिक परिणाम काय होतो तो स्वच्छ पाहावा. ज्या दारातून कोणीही जाऊ शकतो, त्या दारासाठी पाच लाखांची चिठ्ठी काढलेला माणूस आणि चिठ्ठी न काढलेला माणूस एकाच बाकावर शेजारी बसतात. मालक दोघांना एकच पगार सांगतो.

आता ही पदवी आली कोठून, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेची शाळा निघाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जोसेफ पुलित्झर ह्या वृत्तपत्रमालकाच्या देणगीतून १९१२ साली दुसरी निघाली. हा पुलित्झर स्वतः पदवीधर नव्हता. कफल्लक अवस्थेत अमेरिकेत आलेला परदेशी मुलगा होता. आपल्याकडे लाहोरला पंजाब विद्यापीठात १९४१ साली अभ्यासक्रम सुरू झाला. नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयात स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली, आणि दिल्लीला केंद्र सरकारची संस्था १९६५ साली निघाली. ह्यांतल्या बहुतेक सार्वजनिक संस्था होत्या आणि जागा थोड्या होत्या. पुढे वाहिन्या आल्या, रंगीत पुरवण्या आल्या, आणि १९९० नंतर खाजगी संस्थांचे पीक आले. मागणी पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यांमुळे वाढली. पडद्यामागे जे वीस जण रात्रपाळीला बसतात ते कोणाला दिसले नाहीत.

कोलंबियाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. पत्रकारितेचे ते महाविद्यालय उघडले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकायला गेले. त्यांनी विषय घेतला अर्थशास्त्राचा. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले, आणि त्यातल्या लेखनामागे जे बळ होते ते विषयाच्या ज्ञानाचे होते. टिळक-आगरकरांचेही तसेच. 'केसरी' काढणाऱ्यांपैकी एक गणित आणि कायदा शिकलेला, दुसरा एम. ए. झालेला. मी पालकांना म्हणतो, मुलीला तीन वर्षे कोणता तरी एक विषय नीट शिकू द्या. बातमी कशी लिहावी ते शिकायला तीन वर्षे लागत नाहीत.

बरे, आता पाटी-पेन्सिल घेऊ. मी जे आकडे सांगणार आहे ते हिशेबापुरते धरलेले आहेत. आपापल्या घरचे आकडे घालून प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि त्यासाठी बँकेचे कर्ज चार लाख रुपये, व्याज दहा टक्के. शिकत असताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नाही, पण व्याज झोपत नाही. अडीच वर्षांचे साधे व्याज एक लाख होते. पैसे हप्त्याहप्त्याने उचलले तर थोडे कमी. म्हणजे फेड सुरू होते तेव्हा कर्ज पाच लाखांचे झालेले असते. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये. सात वर्षांत बँकेला गेले जवळजवळ सात लाख.

येथेच पुष्कळ लोक हिशेब थांबवतात. पण अर्धा खर्च अजून मांडलेलाच नाही. ही मुलगी दोन वर्षे कॉलेजात न जाता एखाद्या दुकानात, दवाखान्यात, डी. टी. पी. सेंटरमध्ये कामाला लागली असती तर महिना बारा हजार मिळाले असते असे धरा. दोन वर्षांचे झाले २,८८,०००. हे पैसे कोणी खिशातून काढून घेतले नाहीत म्हणून ते खर्चात दिसत नाहीत; पण गरीब घरात ते लगेच जाणवतात, कारण त्या बारा हजारांतून भाडे जाणार होते. तेही त्याच सात वर्षांवर वाटले तर महिना ३,४०० च्या वर येतात. दोन्ही मिळून सुमारे ११,७०० झाले. ह्याचा अर्थ असा, की पदवीनंतरची नोकरी पदवीवाचूनच्या नोकरीपेक्षा दरमहा ११,७०० रुपये जास्त देत असेल, आणि पहिल्या दिवसापासून सात वर्षे अखंड देत असेल, तर ही मुलगी सात वर्षांनी तेथेच येऊन उभी राहील जेथे ती कर्ज न काढता उभी असती. नफा त्याच्या पुढे सुरू होईल. जेवणाचा खर्च मी धरलेला नाही, कारण माणूस कॉलेजात न गेला तरी जेवतोच.

हाच हिशेब सरकारी विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाचा मांडा. दोन वर्षांची सगळी फी चाळीस हजार धरा आणि ती घरच्या बचतीतून भरा. सात वर्षांवर वाटली तर महिना पाचशेही पडत नाही. आणि मुलीने नोकरी सांभाळून, मुक्त विद्यापीठातून किंवा सकाळ-संध्याकाळच्या वर्गातून शिक्षण केले तर बुडालेला पगारही वाचला. एका बाजूला ११,७००, दुसऱ्या बाजूला पाचशे. मिळणारा कागद बहुतेक ठिकाणी त्याच वजनाचा.

माझ्या सभासदाला मी हे कागदावर मांडून दाखवले. तो गप्प झाला. मग मुलीला घेऊन आला. मुलगी हुशार निघाली, ती म्हणाली, "काका, तुम्ही पगार धरलाय तो खरा कशावरून?" हा प्रश्न मला फार आवडला, आणि ह्या भाषणाचा मुख्य भाग आता सुरू होतो.

कारण पगार किती, हे कॉलेज ठरवत नाही. जिल्ह्याच्या गावी मराठी वृत्तपत्राचा धंदा कसा चालतो ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, पण त्याकडे पगाराच्या बाजूने पाहिले नसेल. तालुक्याला एक वार्ताहर असतो. त्याच्याजवळ ओळखपत्र असते आणि मोटरसायकलवर 'प्रेस' लिहिलेले असते. नियुक्तिपत्र बहुधा नसते. पूर्वी छापून आलेल्या मजकुरावर, रकान्याच्या हिशेबाने, काहीतरी मिळत असे. आता कित्येक ठिकाणी मानधन म्हणून जी रक्कम मिळते ती पेट्रोललाही पुरत नाही. मग तो जगतो कशावर? जाहिरातींच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी निघते, दिवाळी येते, आमदारांचा वाढदिवस येतो. प्रत्येक वेळी त्याला अमुक इतक्या रुपयांच्या जाहिराती आणण्याचे लक्ष्य दिलेले असते. ज्या कारखान्याच्या सांडपाण्याची बातमी लिहायची, त्याच कारखान्याच्या दारात तो पुरवणीची जाहिरात मागायला उभा असतो. जाहिरातीचे पैसे थकले तर ते त्याच्या नावावर पडतात. ह्यात त्या माणसाचा स्वभाव शोधू नये. ज्याला पगार नाही त्याच्यापुढे निर्भीडपणाचे प्रवचन करणे सोपे आहे.

शहरातल्या कचेरीत चित्र थोडे बरे, पण तेथेही नवा माणूस आधी उमेदवारी करतो. तिला आता इंटर्नशिप हे सुंदर नाव मिळाले आहे. तीन महिने, सहा महिने, कधी फुकट, कधी बसभाड्यापुरते. मग 'ट्रेनी'. मग एक वर्षाचा करार, मग दुसरा करार. आमच्या ओळखीचा एक उपसंपादक सलग नऊ वर्षे दर मार्चअखेर नव्याने नोकरीला लागत होता. बातमी तोच लिहितो, फोटो तोच काढतो, व्हिडिओ तोच करतो, पान तोच लावतो. पूर्वी ही चार माणसांची कामे होती. राहिलेल्या तिघांचा पगार त्याला मिळाला असे मात्र झाले नाही.

मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. ती ऐकल्याशिवाय मी कधी वाटाघाटीला बसलो नाही. आपण सकाळी जो अंक पाच-सहा रुपयांना घेतो त्याचा कागद, शाई आणि छपाई ह्यांचा खर्चच त्या किमतीत भागत नाही. तूट जाहिरातींतून भरून निघते. ह्या जाहिरातींचा मोठा भाग गेल्या पंधरा-वीस वर्षांत गूगल आणि फेसबुक ह्यांच्याकडे वळला. धंदा अडचणीत आहे, हे खोटे नाही. २०२० च्या टाळेबंदीत आवृत्त्या बंद झाल्या, पगार कापले गेले, माणसे घरी बसली. पत्रकारांच्या तीन संघटनांना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागला. पण अडचणीचा भार कोणी किती उचलायचा हा प्रश्न उरतोच, आणि तो प्रश्न पदवीने सुटत नाही.

तो सुटला, जेवढा सुटला तेवढा, कायद्याने आणि संघटनेने. हा इतिहास पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात की नाही हे प्रवेश घेण्यापूर्वी अवश्य विचारावे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्या मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग बसला. १९५४ साली त्याचा अहवाल आला, आणि पत्रकारांना मिळणारे तुटपुंजे वेतन व बिनभरवशाची नोकरी ह्यांचे चित्र देशापुढे आले. त्यातून १९५५ चा कायदा झाला. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही. कामावरून कमी करायचे तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतरांना तीन महिन्यांची नोटीस. शिवाय एक कलम असे, की सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून राजीनामा दिला तरी तीन वर्षे नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी मिळावी. मला ते कलम फार मोलाचे वाटते. कायद्याने विवेकाचा खर्च कोणी सोसावा हे लिहून ठेवले होते.

त्याच कायद्याखाली वेतनमंडळे आली. पहिले दिवाटिया मंडळ. त्याचा निर्णय मालकांनी न्यायालयात नेला आणि १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण धंद्याची पगार देण्याची ऐपत मंडळाने नीट पाहिली नव्हती. संसदेने त्याच वर्षी नवा कायदा करून पुन्हा वाट काढली. पुढे शिंदे, पालेकर, बछावत, मणिसाना आणि शेवटचे मजीठिया. मजीठिया मंडळाची शिफारस सरकारने ११ नोव्हेंबर २०११ रोजी जाहीर केली. मालक पुन्हा न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी निकाल पत्रकारांच्या बाजूने लागला आणि थकबाकी वर्षभरात चार हप्त्यांत द्यावी असे ठरले. पुष्कळांनी दिली नाही. कर्मचाऱ्यांकडून 'आम्हाला जुनाच पगार मान्य आहे' अशा अर्थाच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. १९ जून २०१७ रोजी न्यायालयाने पुन्हा सांगितले, की अशा सहीने मंडळाच्या दरापेक्षा कमी पगार देता येत नाही आणि कराराने नेमलेल्या माणसालाही हे दर लागू आहेत. मालकांना बेअदबीची शिक्षा मात्र झाली नाही. ज्याचे येणे असेल त्याने श्रम खात्याकडे दावा करावा, असे ठरले. असे दावे भरायला मी स्वतः माणसांबरोबर गेलो आहे. काही लोकांनी ते भरल्यावर महिनाभरात त्यांची बदली दुसऱ्या राज्यात झाली.

ह्या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मजीठियाने पगाराच्या श्रेणी लावल्या त्या वृत्तपत्राच्या एकूण उत्पन्नावरून आणि कर्मचाऱ्याच्या कामावरून. उपसंपादक कोणत्या कॉलेजात शिकला ह्यावरून नाही. म्हणजे एकाच कामाला मोठ्या पत्रात एक दर, लहान पत्रात दुसरा. तुमची मुलगी कोठे शिकली त्यापेक्षा ती कोठे नेमली गेली आणि कोणत्या कागदावर नेमली गेली, ह्यावर तिची पंधरा वर्षे अवलंबून आहेत.

मजीठियानंतर नवे वेतनमंडळ आलेले नाही. १९५५ चा कायदा स्वतःच २०२० च्या श्रम संहितेत विलीन झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता अंमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. नव्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांचे पत्रकार आले, हे चांगले झाले. पूर्वी वाहिनीतला बातमीदार ह्या कायद्याच्या बाहेर होता. दराचे काय होणार, ही आमची चिंता आहे, आणि तिच्याविषयी आमच्या सभा चालू आहेत.

मग पदवी अगदी फुकट आहे का? तसे मी म्हणणार नाही. काही दारांवर हा कागद मागतातच. केंद्र सरकारच्या माहिती सेवेतील काही जागांना, राज्याच्या माहिती व जनसंपर्क खात्यातील अधिकाऱ्यांच्या जागांना, आणि कॉलेजात हा विषय शिकवायचा असेल तर. त्या जागा थोड्या, पण त्यांना वेतनश्रेणी आहे. तेथे सरकारी विद्यापीठाचा कागद खाजगी संस्थेच्या कागदापेक्षा तसूभरही हलका पडत नाही. जाहिरात संस्था आणि कंपन्यांची जनसंपर्काची कचेरी ह्यांत वृत्तपत्रापेक्षा पगार जास्त असतो. ही पदवी घेतलेली पुष्कळ मुले शेवटी तिकडेच जातात, त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या शहरातल्या दोन-चार नावाजलेल्या संस्थांना मालकांच्या ओळखी असतात. तेथे फी देऊन ओळख विकत मिळते. ती विकत घ्यायची तर उघड्या डोळ्यांनी घ्यावी. गेल्या तीन वर्षांत किती मुले नोकरीला लागली, कोठे, किती पगारावर, आणि त्यांतली किती वर्षानंतर तेथे होती, हे लेखी मागावे. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे कधी कधी शंभर टक्के इंटर्नशिप असते.

शिकवण्याच्या मालाविषयीही थोडे बोलतो, कारण त्यात मला अनुभव आहे. खिळे जुळवायला मी चार वर्षांत चांगला शिकलो. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने केसमधून खिळा उचलायचा, ओळ उलटी वाचायची. मग ऑफसेट आणि संगणक आले आणि ते सगळे कसब भंगारात शिशाच्या भावाने गेले. शुद्धलेखन मात्र राहिले. वाक्य कोठे मोडते ते कळण्याची सवय राहिली, आणि तिच्या जोरावर मी पुढे मुद्रितशोधक झालो. आज कॉलेजात जो कॅमेरा आणि जे सॉफ्टवेअर शिकवतात, ते मुलगी पास होईपर्यंत बदललेले असेल. आता तर यंत्र पाच ओळींची बातमी स्वतःच जुळवून देते. परंतु सातबारा वाचता येणे, नगरपालिकेचे अंदाजपत्रक उलगडता येणे, फिर्यादीत काय लिहिले आहे आणि काय वगळले आहे ते ओळखणे, २००५ च्या माहिती अधिकाराखाली नेमका प्रश्न विचारणे, कंपनीचा ताळेबंद समजणे, ह्या गोष्टी लवकर जुन्या होणार नाहीत. असे शिकवणारा एक शिक्षक ज्या वर्गात असेल तो वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरला तरी चालेल.

आमच्या त्या सभासदाच्या मुलीने विद्यापीठाच्या विभागात अर्ज केला आणि दुसऱ्या यादीत तिचे नाव लागले. फंडाला हात लागला नाही. दुपारी ती एका साप्ताहिकात काम करते. संपादक सज्जन आहेत, महिन्याला ठरलेली रक्कम देतात, नियुक्तिपत्र देतो देतो म्हणतात. अजून दिलेले नाही.

त्या पत्राविषयी शेवटी सांगतो, कारण ते आता उपकार म्हणून मागायचे नाही. नव्या संहितेप्रमाणे प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. आम्ही त्याचा एक नमुना छापला आहे. त्यात पदाचे नाव, उमेदवारीचा काळ आणि तो संपल्यावर काय होणार, महिन्याचा पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुटी, फंड आणि नोटिशीची मुदत ह्यांच्यासाठी जागा सोडल्या आहेत. जाहिराती आणण्याचे लक्ष्य असेल तर तेही लिहून घ्यावे. लिहायला सांगितले की ते पुष्कळदा आपोआप नाहीसे होते. नमुन्याच्या पन्नास प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. कमी पडल्या तर आमच्या कचेरीत संध्याकाळी सहानंतर मिळतील, रविवार सोडून.